कागदाबाहेरचा पाडा

जर्मनीत खेड्यांचे वाढदिवस साजरे होतात. पाचसहाशे वस्तीचे गाव, एक चर्च, अग्निशमन दलाची एक शेड, चारदोन जुन्या आडनावांची घरे. आणि वेशीवर फलक लागतो की गावाला यंदा साडेसातशे वर्षे झाली. हे वय गाव वसल्यापासूनचे नसते. एखाद्या मठाच्या दानपत्रात किंवा सरदाराच्या खरेदीखतात गावाचे नाव ज्या साली पहिल्यांदा लिहिले गेले, ते त्याचे जन्मसाल, अशी तिथली रीत. ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या लॉर्श मठाने बाराव्या शतकात आपल्या जुन्या दानपत्रांच्या नकला एका ग्रंथात उतरवून घेतल्या. त्या एका ग्रंथावर शेकडो गावांनी आपापली जन्मसाले बेतली आहेत. पुढे चर्चच्या वह्यांत प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदले गेले. प्रशियात तर शाळेची बखर लिहिणे हे मास्तरांच्या कामातच मोडत असे. त्यामुळे तिकडच्या नगण्य खेड्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची तक्रार असते ती कागद फार झाल्याची.

हीच फूटपट्टी घेऊन विरार पूर्वेच्या फुलपाड्याकडे वळले की पंचाईत होते. महसुलाच्या दृष्टीने पाडा हा गाव नसतोच. गाव म्हणजे ‘मौजे’ अमुक. त्याला शीव असते, गावठाण असते, पाटील आणि तलाठ्याचे दप्तर असते. पाडा त्या मौजेच्या हद्दीत कुठेतरी, डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर ओढ्याच्या काठी. सातबाऱ्यावर मौजेचे नाव येते, गट नंबर येतो, खातेदार येतो. पाडा येत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तो देशावरच्या गावाचा. त्यातले बारा बलुतेदार, वतनदार आणि चावडी पाड्यात शोधू गेले तर हाती काहीच लागत नाही. आमच्याकडे खेड्याचे जे चित्र शाळेपासून मनात ठसवले गेले, त्यात पाड्याला जागाच नव्हती.

मग अशा ठिकाणाचा इतिहास लिहायचा कसा? माझे म्हणणे असे, की इथे भूगोल हाच पहिला दस्तऐवज मानावा. डोंगर, खिंड आणि पाणी, मग रूळ, आणि सर्वांत शेवटी नळ, या क्रमाने वाचत गेले तर फुलपाडा बराचसा वाचता येतो.

वसई तालुक्याचे दोन तुकडे आहेत आणि त्यांच्यामधून पश्चिम रेल्वे जाते. रुळांच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत वाळूचा सपाट पट्टा. थोडे खणले की गोडे पाणी लागते, वाडीवाडीत बावखले आहेत, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले पिढ्यान्‌पिढ्या पिकली. आगाशी, अर्नाळा, नंदाखालची फुले आणि भाजी घेऊन बायका पहाटेच्या गाडीने दादरला जात. वसईचे केळे आणि उन्हात वाळवलेली सुकेळी तर मुंबईच्या बाजारात नावानेच विकली जात. रुळांच्या पूर्वेला जमिनीचा स्वभावच निराळा. दख्खनच्या लाव्ह्याने घडलेला काळा कातळ, त्यावर मुरुमाचा पातळ थर, मग जीवदानीचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे तुंगारेश्वरची रांग. पाऊस दोन्हीकडे सारखाच कोसळतो, पण पश्चिमेला तो जमिनीत मुरतो आणि पूर्वेला उतारावरून पळून जातो. पूर्वेच्या माणसाचे पाणी चार महिने धो धो आणि आठ महिने दुर्मीळ, ते यामुळे. फुलपाडा या दुसऱ्या तुकड्यात, विरार स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याला आहे.

डोंगरावर जीवदानी. तेराशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर कातळात कोरलेली गुंफा आणि तीत देवी. पूर्वी माथ्यावर किल्ला होता, त्याला जीवधन म्हणत. कोरीव गुंफा दिसली की आपल्याकडे ती पांडवांच्या नावावर जमा होते, तशी हीही झाली. दुसरी एक दंतकथा मला जास्त मोलाची वाटते. गावच्या कळपात रोज एक अनोळखी गाय येऊन चरत असे. गुराख्याने चराईची मजुरी मागायची म्हणून तिचा माग काढला, तर ती डोंगराच्या माथ्यावर गेली आणि तिथे त्याला देवी भेटली. या कथेत राजा नाही, स्वप्नात दृष्टान्त झालेला सावकार नाही. देवीचा पत्ता लागतो तो मजुरी वसूल करायला निघालेल्या गुराख्याला. डोंगरपायथ्याच्या माणसांनी आपला इतिहास कागदावर लिहिला नसेल, पण आपला हिशेब त्यांनी देवीच्या कथेत घालून ठेवला आहे. आज नवरात्रात लाखो लोक या डोंगरावर येतात. त्यातल्या किती जणांना हा गुराखी ठाऊक असतो, कोण जाणे.

पायथ्याच्या या पट्ट्यात वारली, मल्हार कोळी, कातकरी असे आदिवासी समाज पूर्वापार राहत आले. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे. भाताची खाचरे लहान आणि उतारावर नाचणी-वरी. वारल्यांचे देव पाहिले तर त्यात भूगोलच दिसतो : वाघदेव, हिरवा, धान्याची कणसरी. लग्नात भिंतीवर पालघटाचा चौक लिहिला जातो आणि धवलेरी बायका गाण्यातून लग्न लावतात. हा समाज चित्र काढतो त्यालाही ‘लिहिणे’च म्हणतो. म्हणजे लेखन होते. दप्तराला उपयोगी पडेल असे नव्हते, इतकेच.

आता गंमत अशी, की भारतातल्या लेखनाचे काही अतिप्राचीन दाखले या पाड्यापासून पायी दीडदोन तासांच्या अंतरावर सापडले आहेत. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये ते आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखात तिथल्या दानधर्माचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी बुरूड राजाचा कोट नावाने ओळखले जाणारे टेकाड खणले. आत विटांचा स्तूप, दगडी करंडक, आठ लहान बुद्धमूर्ती आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. नवव्या लेखात सम्राट अशोक लोकांच्या मंगलविधींवर जरा नाराजीनेच बोलतो : आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि बायका तर क्षुल्लक विधी फारच करतात. बंदरावर हा लेख वाचून दाखवला जात असेल तेव्हा डोंगराकडच्या पाड्यांतून बायकांची गाणी चालूच असणार.

आठव्या लेखाचा तुकडा बसाल्टाचा आहे, याच मुलखाच्या कातळाचा. पण बंदर आणि डोंगर यांचे नाते दगडापुरते नव्हते. बंदर नुसत्या समुद्रावर जगत नाही; त्याला जहाजासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, बैलांसाठी गवत लागते, आणि घाटावर जाणारे तांडे डोंगरांतल्या खिंडींतूनच जातात. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, व्यापार आगाशी-वसईकडे सरकला, तरी ही गरज तशीच राहिली. पोर्तुगीज आले तेव्हा आगाशी इमारती लाकडासाठी आणि जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. त्या लाकडाचा पुरवठा पूर्वेच्या जंगलातून होई. तोडणाऱ्यांची नावे कुठे येणार? लाकडाची किंमत तेवढी नोंदली जाते.

मराठीत या मुलखाची एक फार जुनी बखर आहे, महिकावतीची. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. तिचा जुना भाग शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ च्या सुमाराचा. बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळे, त्यांना मिळालेली गावे, असा तिचा थाट आहे. उत्तर कोकणातल्या किनारपट्टीच्या कितीतरी गावांना जर्मन पद्धतीने वाढदिवस साजरा करायचा झाला तर ही बखर उपयोगी पडेल. पण तिचे लक्ष वतनांवर आहे. ज्याला वतन तो बखरीत, बाकीचे शिवाराबाहेर.

डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांनी पश्चिम पट्ट्याला आणखी एक दप्तर दिले : चर्चच्या नोंदवह्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे सक्तीचे केले, तो नियम जर्मनीतल्या कॅथलिक खेड्याला होता तसाच वसईतल्या चर्चलाही होता. मधल्या युद्धांत बरेच कागद गेले, पण ‘आपली नोंद असते’ ही सवय त्या समाजात मुरली. म्हणूनच वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास आज पुस्तकांतून वाचायला मिळतो. पूर्वेच्या पाड्यांना यातले काहीच लाभले नाही. मराठ्यांचा अंमल, १७८० चा इंग्रजांचा वेढा, १८०२ चा तह ज्याने पेशवाईच इंग्रजांच्या हाती गेली, हे सारे वसईच्या किल्ल्याच्या भोवती घडले. डोंगरपायथ्याला त्याचा अर्थ एवढाच, की लाकूड आणि वेठ कोणाला द्यायची.

खरा बदल आणला तो रुळांनी. बीबीसीआय, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीचा, मार्ग नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. सकाळी एक गाडी जायची, संध्याकाळी एक परत यायची. ‘विरार लोकल’ म्हटले की आज धक्काबुक्की आठवते. तिचा आरंभ असा एका गाडीचा आहे. या गाडीने पूर्वेच्या जंगलातले गवत, कोळसा आणि सरपण मुंबईच्या अगदी जवळ आणून ठेवले. मुंबईत लवकरच ट्रामही घोड्यांची आली, त्यामुळे गवताला मोठी मागणी. जंगलावर सरकारचे कायदे बसले, जमिनी सावकार आणि गवताच्या व्यापाऱ्यांकडे गेल्या, आणि जमीन कसणारा आदिवासी आपल्याच डोंगरात मजूर झाला. १९४५ साली तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला; शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या कामामुळे तो सर्वांना माहीत आहे. वसई तालुक्यात मात्र वेठ पुढेही रेंगाळली. १९७६ चा वेठबिगार मुक्तीचा कायदा झाल्यावरही इथल्या पूर्व भागात वेठबिगार होते, आणि त्यांच्या सुटकेच्या लढ्यातूनच १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. मुंबईच्या लोकलच्या तेव्हाच्या शेवटच्या स्टेशनापासून काही मैलांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही माणसे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी गहाण होती, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन घटनांचा एकमेकींशी वरवर काही संबंध नाही, पण फुलपाड्याच्या नशिबात त्या एकत्र आल्या. परळ-लालबागच्या खोल्या विकून माणसे विरारला येऊ लागली. गाडी विजेवर १९३६ पासूनच विरारपर्यंत येत होती आणि जागा स्वस्त होती. १९८८ च्या सुमारास सरकारने वसईतली हजारो हेक्टर हरित जमीन बांधकामाला मोकळी केली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, मोठी आंदोलने झाली. ती प्रामुख्याने पश्चिमेच्या वाड्यांची लढाई होती आणि पश्चिमेने आपली हिरवाई काही प्रमाणात तरी राखली. लोंढा वळला तो पूर्वेकडे. जिथे आवाज कमी, तिथे बांधकाम जास्त, हा आपल्या नगरनियोजनाचा अलिखित नियम.

विरारची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १ लाख १९ हजारांच्या आसपास होती. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या गणनेत तिच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक माणसे निघाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा फोडून पालघर जिल्हा झाला. एका पिढीत पाडा ग्रामीण मुलखातून महानगरात आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तोही जागचा न हलता.

आज स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला ‘फुलपाडा, फुलपाडा’ म्हणून ओरडतो. बैठ्या चाळी, चार मजली इमारती, मोबाइलची दुकाने, क्लासचे फलक, मधूनच एखादे जुने कौलारू घर. इथल्या माणसाला ‘गाव कुठले?’ असे विचारा. कणकवली, संगमेश्वर, आजरा, जौनपूर, आझमगड अशी उत्तरे येतील. ‘फुलपाडा’ हे उत्तर क्वचितच येईल. गणपतीला अर्धी वस्ती कोकणात गेलेली असते. राहायचे इथे आणि गाव मात्र दुसरीकडे, अशी या वस्तीची रचना आहे. मला तीत काही गैर वाटत नाही. मुंबईही अशीच घडली. फक्त त्यामुळे या जागेची आठवण ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

ती जबाबदारी न घेतल्याचा सर्वांत ढळढळीत पुरावा म्हणजे पापडखिंड. फुलपाड्याच्या वर डोंगरांमधल्या खिंडीत बांध घालून लहानसे धरण केले. क्षमता किरकोळ, दिवसाला १ दशलक्ष लिटर. पण विरारला ते हक्काचे, घरचे पाणी होते. डोंगरावरून पळून जाणारा पाऊस कोणीतरी एकदाचा अडवला होता. मग शहर वाढले. पेल्हार धरणाचे १०, उसगावचे २० आणि दूरच्या सूर्या नदीचे २०० दशलक्ष लिटर येऊ लागले. पालिकेच्या पाण्याचा हिशेब मांडताना काही जण २३१ लिहितात, काही २३०. तो गळणारा १ म्हणजे पापडखिंड. धरणाच्या काठी सकाळी फिरायला येणारे येतात, छटपूजेवरून वाद झाले आहेत, निर्माल्य आणि प्लॅस्टिक साचते. ज्या पाण्यावर वस्ती वाढली, ते वस्तीने तलावासारखे न जपता मैदानासारखे वापरले.

आणि सूर्येचे पाणी तरी कोणाचे? डोंगराळ विक्रमगड-डहाणू भागातले धामणी धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा हे मुळात तिथल्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी झाले. त्यातले पाणी शहरांकडे वळवण्याला तिथल्या शेतकऱ्यांनी वेळोवेळी विरोध केला. एमएमआरडीएने ४०३ दशलक्ष लिटरची नवी योजना आखली. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. जलवाहिनीसाठी मेंढवण खिंडीत आणि तुंगारेश्वरच्या पोटातून बोगदे खोदले, आणि २०२३ च्या अखेरीस वसई-विरारला हे पाणी मिळू लागले. म्हणजे डोंगर पोखरून एका पाड्याचे पाणी दुसऱ्या पाड्याच्या नळाला आले, आणि या पाड्याचे स्वतःचे धरण हिशेबातून गळले. ज्या अभियंत्यांनी बोगदा खणला त्यांच्या कामाला नाव ठेवायचे कारण नाही. पण पापडखिंडीचा गाळ काढणे आणि काठ स्वच्छ राखणे त्या बोगद्यापेक्षा कितीतरी स्वस्त होते.

भूगोलाकडे पाठ फिरवली की तो काही गप्प बसत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडली. डोंगरावरून येणारे पाणी खाडीकडे जायचे तर त्याला वाट हवी, आणि नाल्यांवर इमारती उभ्या होत्या. जुलै २०२२ मध्ये वसईच्या वाघरालपाड्यात दरड घरावर कोसळून माणसे दगावली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार पूर्वेच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. ती इमारत अनधिकृत होती. पाड्याची नोंद नसणे ही केवळ इतिहासकाराची हळहळ नाही, ते याचमुळे. ज्या वस्तीला शीव नाही, गावठाण नाही, नाला कुठून जातो याचा मान्य नकाशा नाही, तिथे बिल्डर सांगेल ती हद्द आणि तो बांधेल ती इमारत.

आता पुढचा रूळ येतो आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या १२ स्थानकांपैकी एक विरारला आहे, आणि विरार–अलिबाग महामार्गिकेचे टोकही याच तालुक्यात येते. तुंगारेश्वरचे जंगल २००३ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे डोंगराचा वरचा भाग निदान कागदावर सुरक्षित आहे. पायथ्याला तसे संरक्षण नाही. येत्या दहा वर्षांत इथे जे बदल होतील, ते आधीच्या शंभर वर्षांच्या खुणा पुसून टाकायला पुरेसे आहेत.

म्हणून एक मागणी आणि एक विनंती. मागणी महानगरपालिकेकडे : हद्दीतल्या प्रत्येक पाड्याची नोंदवही करावी. त्यात जुने ओढे, विहिरी, देवांच्या जागा, पायवाटा आणि खिंडी नकाशासकट असाव्यात, आणि बांधकामाची परवानगी देताना ती वही उघडली जावी. विनंती वाचकांना. फुलपाडा, मनवेलपाडा, वाघरालपाडा किंवा अशाच कुठल्या पाड्यात तुम्ही राहत असाल, तर सुटीत वस्तीतल्या सर्वांत जुन्या माणसाकडे जा. चाळी येण्याआधी पाणी कुठून भरत, गुरे कुठे चरत, गावदेवाचा दगड कुठे होता, धरणाच्या जागी आधी काय होते, हे विचारा आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली घाला. एक प्रत जवळच्या शाळेत ठेवा आणि एक वाचनालयात द्या.